जपानी चहाचा वाडगा: पारखायचा कसा, घ्यायचा कुठे आणि सांभाळायचा कसा

पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये माचा (जपानी हिरव्या चहाची बारीक पूड) आला, त्याच्या मागोमाग ऑनलाइन दुकानांत ‘माचा सेट’ही आले. बांबूची रवी, बांबूचा चमचा आणि एक वाडगा. रवी आणि चमचा बहुतेक वेळा चालून जातात. घोडं पेंड खातं ते वाडग्यापाशी. साच्यात ओतून काढलेला, बाहेरून दिसायला झकास, पण आत तळ इतका अरुंद की रवी दोन्ही बाजूंना आपटते आणि फेस काही येत नाही. मग लोक माच्याला नावं ठेवतात.

पहिला हाती घडवलेला वाडगा घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. जपानला जाणार असाल, तिथे कुणी नातलग असेल किंवा भारतातल्याच एखाद्या कुंभाराकडून घेणार असाल, तरी पारखायची रीत एकच. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: वाडगा हाताने निवडायचा असतो, आणि हातात घेतल्यावर पहिल्यांदा उलटा करून बघायचा असतो. जपानी लोक ज्याला ‘कोदाई’ म्हणतात ते बुडाचं कडं बरंच काही बोलतं. वरची झिलई (मातीवरचा काचेसारखा थर) कधी कधी थापा मारते, बूड सहसा मारत नाही.

आधी ठरवा, चहा कुठला

माचा दोन प्रकारे होतो. रोजचा पातळ, फेसाळ चहा म्हणजे ‘उसुचा’. दुसरा ‘कोइचा’. हा मधासारखा दाट असतो, औपचारिक चहासमारंभात होतो आणि परंपरेने एकच वाडगा पाहुण्यांमध्ये फिरतो. घरी पिणाऱ्याला उसुचापुरता वाडगा पुरतो. त्यासाठी तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटरच्या आसपास, उंची ७ ते ८ सेंटिमीटर आणि आतला तळ पसरट, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

ऋतूंप्रमाणे आकारही बदलतात. थंडीत उंच, नळकांड्यासारखा ‘त्सुत्सु’ वापरतात, त्यात चहा गरम राहतो. उन्हाळ्यात उथळ, पसरट ‘हिरा’. दोन्ही सुंदर असले तरी नवशिक्याला अडचणीचेच. उंच वाडग्यात मनगट फिरत नाही आणि उथळ वाडग्यातून चहा बाहेर उडतो. पहिला वाडगा मधल्या आकाराचाच घ्या.

रंगाचं म्हणाल तर हिरवा चहा काळ्यावर सगळ्यात खुलतो, करड्या-पांढऱ्यावरही छान दिसतो. हिरव्या झिलईचा वाडगा दुकानात कितीही मोहात पाडो, आतून हिरवा असेल तर चहाचा रंग मारतो.

घराणी: पहिला राकु, दुसरा हागी, तिसरा कारात्सु

चहावाल्यांमध्ये ही क्रमवारी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती डोळे झाकून मानायचं कारण नाही, पण सुरुवात इथूनच करू.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी क्योतोतल्या चोजिरो या कारागिराकडून वाडगे करवून घेतले. तिथून राकु सुरू झाला. तोवर चीनमधल्या फुजियानच्या काळ्या चकचकीत तेनमोकु वाडग्यांचा मान मोठा होता. चोजिरोचे वाडगे त्यांच्यासमोर अगदी मुके वाटतात. ना चित्र ना चकाकी. ते चाकावर केलेले नाहीत. मातीची चपटी भाकरी घ्यायची, दोन तळव्यांनी कडा वर उचलत न्यायच्या, अर्धवट वाळल्यावर लोखंडी पातीने तासायचं. म्हणूनच राकु वाडगा ओंजळीत बसतो. तो घडलाच ओंजळीत.

काळ्या राकुची भाजणी पाहण्यासारखी असते. लहानशा भट्टीत कोळसा आणि भात्याची हवा. राकु घराण्यात काळा वाडगा एका वेळी एकच भाजतात. झिलई क्योतोतल्या कामो नदीच्या दगडांची, दळून केलेली. उष्णता साधारण १२०० अंश सेल्सियसला पोचली आणि झिलई वितळून थरथरू लागली की वाडगा चिमट्याने धरून लालबुंदच बाहेर काढतात. उघड्या हवेत तो झपाट्याने निवतो आणि काळा होतो. चिमट्याने जिथे धरला तिथे झिलईवर लहानशी खूण राहते. दुकानात काळा राकु पाहताना अंगावर ती खूण शोधा. तिला खोट समजू नका, ती भाजणीची साक्ष आहे. लाल राकु बऱ्याच कमी उष्णतेवर भाजतात, त्यामुळे तो आणखी मऊ आणि नाजूक असतो.

हे घराणं क्योतोत आजही चालू आहे. २०१९ साली सोळाव्या पिढीने ‘राकु किचिझाएमोन’ हे नाव धारण केलं. या घरात मातीही पुढच्या पिढ्यांसाठी साठवून ठेवतात. त्यांच्या घराला लागूनच राकु संग्रहालय आहे, ते चुकवू नका. त्यांचे वाडगे आपल्या आवाक्यातले नाहीत हे उघड आहे, पण राकु पद्धतीने काम करणारे इतर कुंभार क्योतोत आहेत, त्यांच्याकडचे मिळतात.

इथे एक इशारा. भारतातल्या स्टुडिओंमध्ये ‘राकु वर्कशॉप’ होतात. गरम भांडं भुशात टाकायचं, धूर करायचा, तांब्यासारखी चमक आणायची. ही रीत १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल सोल्डनर यांच्यापासून रूढ झाली. मजा येते, भांडंही देखणं होतं, पण ते शोकेसमध्ये ठेवायचं. धुराने काळवंडलेल्या, धातूची चमक असलेल्या सच्छिद्र भांड्यातून चहा पिऊ नये.

हागी म्हणजे होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाचं, यामागुची प्रांतातलं गाव. तिथली कला कोरियातून आली, आणि ती राजीखुशीने आली नाही. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना सरदारांनी तिथले कुंभार धरून आणले. मोरी या सरदार घराण्याकडे आलेल्या ली आडनावाच्या दोघा भावांपासून हागीची परंपरा मानतात. माती भुसभुशीत, रंग दुधी ते गुलाबट. झिलईवर बारीक जाळी असते, तिच्यातून चहा आत मुरत जातो आणि काही वर्षांत वाडग्याचा रंगच पालटतो. याला ‘हागीची सात रूपं’ म्हणतात. रोज वापरणार असाल तर माझं मत हागीला. राकु जपावा लागतो, हागी वापरावा लागतो. बुडाच्या कड्याला मुद्दाम दिलेला छेद ही इथली ओळख. तिथल्या मिवा घराण्यातल्या अकराव्या क्युसेत्सु यांनी जाडजूड वाळू घातलेल्या मातीचा ‘ओनी हागी’ केला. हातात घेतला की खडकच धरल्यासारखं वाटतं.

कारात्सु क्युशू बेटावर, सागा प्रांतात. मूळ कोरियनच. लोहयुक्त रंगाने दोन-चार फटकाऱ्यांत काढलेलं गवत, मातकट-करडी झिलई. साधा, कणखर, कशाशीही जुळणारा.

आणि मग मिनो, म्हणजे आजच्या गिफु प्रांताचा दक्षिण भाग. क्रमवारीत याचं नाव नाही, पण माझा जीव इथेच अडकलेला. शिनो, पिवळा सेतो, काळा सेतो, ओरिबे, सगळे इथले. शिनोची पांढरी जाड झिलई फेल्डस्पार दगडाची असते. तिच्यावर युझु लिंबाच्या सालीसारखी छिद्रं पडतात आणि झिलई पातळ लागली तिथे केशरी झाक उमटते. जपानने राष्ट्रीय संपत्तीचा दर्जा दिलेले चहाचे वाडगे अवघे आठ. बहुतेक चीनचे, एक कोरियाचा, जपानमध्ये घडलेले फक्त दोन. त्यातला एक शिनो, ‘उनोहानागाकी’, तोक्योच्या मित्सुई स्मारक संग्रहालयात आहे. दुसरा होन्आमी कोएत्सु (१५५८–१६३७) यांचा ‘फुजिसान’, वरून पांढरा आणि खालून करपल्यासारखा काळा. कोएत्सु पेशाने कुंभार नव्हतेच. तलवारी पारखणाऱ्या घराण्यातले, शिवाय उत्तम सुलेखनकार.

शिनोची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ती बुडाचीच गोष्ट आहे. शिनो शेजारच्या सेतो गावात होत असे, असंच शतकानुशतकं समजत होते. १९३० साली नागोयात आराकावा तोयोझो या कुंभाराला बांबूच्या कोंबाचं चित्र असलेला एक जुना शिनो वाडगा हाताळायला मिळाला. त्याने तो उलटा केला. बुडाच्या कड्याच्या आत तांदळाच्या दाण्याएवढा लालसर मातीचा कण भाजून चिकटला होता. भट्टीत वाडगा ज्या टेकूवर ठेवला होता त्याची ती माती. सेतोत अशी माती नाही. तोयोझोने मिनोच्या डोंगरातल्या जुन्या भट्ट्या धुंडाळल्या, आणि ओगाया इथल्या भट्टीत त्याला तसंच बांबूच्या कोंबाचं चित्र असलेलं खापर सापडलं. एका कणाने इतिहासाचा पत्ता बदलला. पुढे तोयोझो तिथेच भट्टी बांधून राहिला आणि विस्मृतीत गेलेला शिनो त्याने पुन्हा घडवला. १९५५ साली सरकारने त्याला ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान दिला.

बाकीच्यांत बिझेन आणि शिगाराकी यांची ओळख पुरे. बिझेनला झिलईच नसते. लाल पाइनच्या लाकडावर रात्रंदिवस, दहा-दहा दिवसांहूनही जास्त भट्टी चालते. राख उडून बसते, गुंडाळलेल्या पेंढ्याचे लाल पट्टे उमटतात. बिझेन ओकायामा प्रांतात आहे. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवर बेतलं आहे, ती याच ओकायामातली. शिगाराकी शिगा प्रांतात, मातीत पांढरे खडे. तिथे लाकडाच्या भट्टीतल्या राखेचीच झिलई करण्याचं काम कोयामा कियोको या बाईंनी गावात बायकांसाठी वाट नसताना नेटाने केलं. रवी फिरवायला मात्र हे दोन्ही खरबरीत. पहिला वाडगा म्हणून मी सुचवणार नाही.

दुकानात: हात कसा लावायचा, काय बघायचं

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधी काढा. गळ्यातली लांब साखळी शर्टाच्या आत. मग विचारा, “सावात्ते मो ई देस का?” म्हणजे हात लावला तर चालेल का. नाही म्हणणारे फारच थोडे. वाडगा दोन्ही हातांनी, टेबलाच्या पृष्ठभागापासून वीतभरच वर उचला. डोळ्यांसमोर उंच धरून बघायचं नाही. वाडगा उंच न्यायच्या ऐवजी आपण वाकायचं. एवढ्यावरूनही दुकानदार तुम्हाला ओळखतो, आणि आतून आणखी दोन पेट्या काढून आणतो.

उचलण्याआधी मनाशी वजनाचा अंदाज करा. मग उचला. चांगला वाडगा अंदाजाला फार धक्का देत नाही. दिसतो त्यापेक्षा बराच जड निघाला तर बहुधा बुडापाशी माती तासायची राहून गेली आहे. फारच हलका असेल तर चहा हाताला पोळेल. वजन खालच्या अंगाला असावं, काठाकडे नाही.

आता उलटा करा. बुडाशी झिलई नसते, म्हणून खरी माती दिसते: रंग, रवाळपणा, खडे. तासणीची पाती फिरताना रवाळ माती फाटून बारीक सुरकुत्या पडतात. जाणकार त्यांना ‘चिरिमेन’ म्हणतात आणि त्यांच्यावर जीव टाकतात. कड्याच्या मधोमध लहानसा उंचवटा असेल तर तोही तासणीचा. कड्याजवळ दोन-तीन बोटांच्या आकाराच्या कोऱ्या जागा दिसल्या तर त्या कुंभाराने झिलईत बुडवताना धरल्याच्या. तिथे स्वतःची बोटं ठेवून बघा. साच्याच्या वाडग्याला यातलं काहीच नसतं. कडं गुळगुळीत, तंतोतंत गोल आणि दहा वाडगे शेजारी ठेवले तर दहाही सारखे. कड्यावरून बोट फिरवा. कुसळासारखं टोचत असेल तर टेबल आणि ट्रे दोन्ही ओरखडेल. सपाट जागी ठेवून बघा, डुगडुगता कामा नये.

मग आत. तळाशी किंचित खोलगट जागा असते, प्यायल्यावर उरलेले थेंब तिथे जमतात. तिच्या भोवतीच्या पट्ट्यात रवी फिरते. पाच बोटं एकत्र जुळवून, टोकं खाली करून आत मागे-पुढे हलवा. बोटांची पेरं भिंतीला लागत असतील तर रवीही लागेल. वर आलेला खडा बोटाला जाणवला तर तो रवीचे तंतू तोडणार हे धरून चाला.

शेवटी काठ. ओठाला लागणारी ही जागा, म्हणून गोलसर हवी, धार नको. हाती घडवलेल्या वाडग्याचा काठ सपाट नसतो, त्याला हलके चढउतार असतात. वाडगा हळूहळू फिरवत गेलात तर ओठ टेकायला आपसूक बरी वाटेल अशी एखादी जागा सापडते. वाडग्याला दर्शनी बाजूही असते. काही वेळा चित्रावरून ती कळते, काही वेळा झिलईच्या ओघळावरून. कळली नाही तर सरळ विचारा. कुंभार हमखास खुलतो.

जाळी आणि तडा यांत गल्लत करू नका. जाळी फक्त झिलईत असते, सगळीकडे पसरलेली. तडा एकटा असतो, बहुधा काठापासून निघतो आणि आतून-बाहेरून त्याच जागी दिसतो. टिचकी मारून आवाज ऐकायची आपली माठाची सवय इथे अर्धीच कामाची. जास्त भाजलेला वाडगा खणखणतो, पण राकु आणि हागी धडधाकट असले तरी बदबदच वाजतात. शिवाय दुकानात दुसऱ्याच्या राकुला टिचकी मारणं बरं दिसत नाही.

कुंभार, शिक्का आणि पेटी

बुडाशी किंवा बाजूला लहानसा शिक्का किंवा कोरलेली खूण असते. शिक्का नाही म्हणून वाडगा हिणकस ठरत नाही, जुन्यातले कित्येक नामांकित वाडगे बिनशिक्क्याचे आहेत. पण आजच्या कुंभाराचा वाडगा विकत घेताना शिक्का आणि पेटी जुळते का ते बघायचंच.

पेटी किरी नावाच्या हलक्या लाकडाची. झाकणावर कुंभार स्वतः ब्रशने भांड्याचं नाव आणि आपलं नाव लिहितो, तांबडा शिक्का उठवतो. अशा पेटीला ‘तोमोबाको’ म्हणतात. आत वाडगा पिवळ्या कापडात असतो. हा पिवळा रंग परंपरेने हळदीचा. किडा-कसर लागू नये म्हणून हळदीत रंगवायची रीत. सोबत कुंभाराची माहिती देणारी चिठ्ठी असते, तिच्यावर त्याचे शिक्के छापलेले असतात. चिठ्ठीतला शिक्का, पेटीवरचा शिक्का आणि बुडाचा शिक्का, तिन्ही शेजारी ठेवून बघा. जुन्या बाजारात एकाची पेटी आणि दुसऱ्याचा वाडगा अशी लग्नं लागलेली असतात.

एखाद्या चहागुरूने पेटीवर सही केली किंवा वाडग्याला नाव दिलं की किंमत कुठल्या कुठे जाते. पहिल्या खरेदीत या फंदात पडू नका. ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ही मोहोर असली तरी तेच. या कलावंतांना सरकार वर्षाला २० लाख येन देतं, ते कला पुढे चालवण्यासाठी. त्यांचे वाडगे संग्रहालयात बघावेत.

जुन्या प्रसिद्ध वाडग्याची हुबेहूब नक्कल, ‘उत्सुशी’, ही लबाडी नव्हे. पेटीवर तसं लिहिलेलं असतं आणि शिकण्याची ती मान्य रीत आहे. चांगल्या कुंभाराची उत्सुशी निर्धास्त घ्यावी.

किमतीचा ढोबळ अंदाज: सरावाचा, कारखान्यातला वाडगा ३ ते ५ हजार येन. तरुण कुंभाराचा हाती घडवलेला साधारण १० ते ५० हजार येन. नावाजलेल्यांचे लाखांत. पैसे मधल्या गटात घाला. भट्टीचा खर्च, लाकूड, भाजताना वाया जाणारे नग पाहता तरुण कुंभार त्या किमतीत फारसं कमावत नाही. घासाघीस करू नका. तिथे ती रीत नाही आणि इथे तर शोभतही नाही.

कुठे घ्यावा

नागोयाहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत ताजिमी येतं. मिनोचं हे मुख्य गाव. आधी गिफुचं आधुनिक सिरॅमिक कला संग्रहालय बघा, डोळा तयार होतो, मग गावातल्या गॅलऱ्या. वसंतातल्या कुंभारमेळ्याला गेलात तर कुंभार स्वतः टेबलामागे उभे असतात. ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका. २००७ च्या ऑगस्टमध्ये ताजिमीत पारा ४०.९ अंशांवर गेला होता आणि तो तेव्हाचा जपानचा विक्रम होता. नागपूरकरांना त्याचं काही वाटणार नाही, पण तिथल्या दमटपणाची गोष्ट वेगळी.

तोक्योत असाल तर माशिको जवळ. हामादा शोजी या कुंभारामुळे जगाला माहीत झालेलं गाव. मेच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरात मोठा बाजार भरतो. तिथला माल रोजच्या जेवणाच्या भांड्यांचा जास्त, तरी तरुण कुंभारांचे वाडगे मिळतात. बिझेनसाठी इन्बे स्टेशनला उतरायचं. क्योतोत गोजोझाका आणि कियोमिझू भागात दुकानांची रांग आहे, पण पर्यटकांचा मालही तिथेच जास्त. तोक्यो-ओसाकाच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यांवर कुंभारांची प्रदर्शनं सतत चालू असतात. कुंभार बहुतेक वेळा हजर असतो, विकत न घेता बघितलं तरी कुणी वाकडं तोंड करत नाही.

भारतात घ्यायचा तर पुदुच्चेरीकडे बघा. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. डेबोरा स्मिथ बिझेनमध्ये शिकून आल्या होत्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेले कुंभार आज देशभर काम करतात. त्यांच्यापैकी कुणी स्टोनवेअरचा (जास्त उष्णतेवर भाजलेल्या टणक मातीचा) वाडगा करून देत असेल, तर आतल्या तळाची रुंदी आणि रवीचं माप आधीच सांगा. विमानाने वाडगा आणताना तो पेटीसकट हातातल्या सामानात ठेवायचा, चेक-इन बॅगेत कधीच नाही.

पहिल्यांदा वापरण्याआधी

झिलईची, खणखणीत भाजलेली भांडी कोमट पाण्याने धुतली की झालं. मऊ मातीचे वाडगे (हागी, राकु, कारात्सु, शिनो) तासभर स्वच्छ, कोमट पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे निघतील. मातीची छिद्रं पाण्याने भरली की पहिलाच चहा आत घुसून डाग पडत नाही. हागीतून पाणी झिरपत असेल तर तांदळाच्या धुवणात मंद आचेवर तापवून त्यातच निवू देतात, पिठूळपणाने छिद्रं बुजतात. राकुला मात्र असं कधीही उकळू नका. आणि हागीच्या बुडाखाली सुरुवातीला ओल दिसली तर दुकानदाराला शिव्या घालू नका, खाली फडकं ठेवा. वापरत गेलं की ती कमी होते.

चहा

१. वाडग्यात गरम पाणी ओतून अर्धा मिनिट फिरवा, त्यातच रवीची टोकं भिजवा. ते पाणी ओतून द्या, वाडगा आतून पुसा. मऊ मातीचा वाडगा आधी दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवलेला असावा.

२. दीड ते दोन ग्रॅम माचा, म्हणजे बांबूच्या चमच्याने दोन वेळा. गाळणीतून चाळून घाला, गुठळ्या राहत नाहीत.

३. पाणी ७५ ते ८० अंशांचं, ६० ते ७० मिलिलिटर. उकळी आल्यावर दुसऱ्या भांड्यात ओतून दोन-तीन मिनिटं थांबलात तरी चालतं.

४. रवी तळाला घासू न देता मनगटाने मागे-पुढे भरभर हलवा, ताक घुसळल्यासारखी गोल नाही. बारीक फेस आला की वेग कमी करून रवी मधोमध वर काढा.

५. वाडगा डाव्या तळव्यावर, उजवा हात बाजूला. दर्शनी बाजू ओठाखाली येऊ नये म्हणून घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवा आणि प्या. शेवटचा घोट आवाज करून ओढला तरी तिथे असभ्य मानत नाहीत. बशीतून भुरके मारत मोठे झालेल्यांना हे जमेलच.

पिऊन झाल्यावर वाडगा खाली ठेवून, कोपर गुडघ्यांवर टेकवून, परत एकदा नीट बघण्याची रीत आहे. ओल्या झिलईचा रंग कोरड्यापेक्षा वेगळा दिसतो, आणि तळाशी राहिलेल्या हिरव्या थेंबांमुळे आतली खोलगट जागा उठून दिसते.

धुणं, वाळवणं आणि आपला पावसाळा

लगेच गरम पाण्याने, नुसत्या बोटांनी धुवा. साबण नाही, काथ्या नाही, घासणी नाही. मऊ माती साबणाचा वास पिऊन बसते आणि पुढच्या चहात तो परत देते. डिशवॉशर, मायक्रोवेव्ह यांचं नावही काढू नका. दूध, सरबत, सांबार काहीही या वाडग्यात घालायचं नाही. एकदा आमटी मुरली की हागीची आठवी रूपावस्था सुरू होते.

पुसून घ्या, पालथा न घालता आडवा टेकवून किंवा जाळीवर ठेवून वारा लागू द्या. वरून कोरडा दिसला तरी मातीच्या पोटात ओल असते. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस, जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत, गोव्यात किमान आठवडा. घाईघाईने पेटीत घातलात तर बुडाला बुरशी धरते आणि कुबट वास महिनोन् महिने जात नाही. माझं ऐकाल तर पावसाळ्यात मऊ वाडगा पेटीत घालूच नका, उघड्या फळीवर ठेवा आणि रोज वापरा. उन्हात वाळवायचा मोह नको, सावलीतला वाराच बरा. वास आलाच तर कोमट पाण्यात दोन-तीनदा बुडवून, पाणी बदलत, परत पूर्ण वाळवा.

टवका उडाला, तुकडे झाले

तुकडे सगळे, चुऱ्यासकट, कागदात गुंडाळून ठेवा. फेव्हिक्विक लावू नका. एकदा ते लावलं की पुढची चांगली दुरुस्ती करणाऱ्याला आधी तेच खरवडत बसावं लागतं.

जपानमध्ये ‘किंत्सुगी’ करतात. उरुशी झाडाच्या चिकाने तुकडे जोडायचे, भेगा भरायच्या, वर सोन्याची भुकटी. हा चीक उष्णतेने वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो. ७० ते ८५ टक्के आर्द्रता त्याला मानवते, म्हणजे आपला श्रावण त्याला फर्स्टक्लास. पण उरुशी आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातली. बिब्बा उततो तशी ही उतते, हातावर फोड येतात. हातमोज्यांशिवाय शिवू नका, आणि ज्याला बिब्ब्याचा किंवा काजूच्या चिकाचा त्रास आहे त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

बाजारात मिळणारे ‘किंत्सुगी किट’ बहुतेक इपॉक्सी आणि सोनेरी पावडरीचे असतात. तासाभरात काम होतं, फोटोही छान येतो, पण त्या वाडग्यातून चहा पिऊ नका. खऱ्या उरुशीच्या दुरुस्तीला अनेक थर आणि काही महिने लागतात. टवका उडालेल्या स्वस्त वाडग्यापेक्षा दुरुस्ती महाग पडू शकते, म्हणून आधी भाव विचारा. दुरुस्त होऊन आलेला वाडगा वापरता येतो. फक्त तो पाण्यात तासन् तास भिजत ठेवायचा नाही, उकळतं पाणी थेट जोडावर ओतायचं नाही, आणि धुताना सोन्याच्या रेघेवर नख लावायचं नाही.